जुलाब नाही, उलटी नाही, ताप नाही

आमच्या डेअरीच्या दारात रोज सकाळी एक बाई खुर्ची टाकून बसते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते. जुलाब? उलटी? ताप? आपण नखं दाखवायची, हात उलटेसुलटे करायचे आणि एका दमात म्हणायचं, नाही, नाही, नाही. मग ती बरोबरची खूण करते आणि आपण पांढरे गमबूट चढवून भरणीवर, म्हणजे दुधाच्या बाटल्या भरायच्या पट्ट्यावर, जातो. नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते दूध लहान पोरं पितात. पण 'हो' म्हटलं की दोन दिवस घरी, बिनपगारी, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे आख्खी रात्र संडासात काढलेला माणूससुद्धा दाराशी आला की ठणठणीत. 'काय, कसं काय?' 'मजेत.' त्यातलाच तो प्रकार झाला होता.

आणि असल्या दारात माझ्या वहिनीसारखी बाई येऊन उभी राहिली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. शेजारणीने एकदा स्वेटर विणून दाखवायला आणला. आम्ही सगळ्या 'छान झालाय, छान झालाय'. हिने तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "डावी बाही दोन बोटं लांब आहे. ठेवून जा, मी उसवून नीट करते." शेजारीण फणकाऱ्याने निघून गेली आणि कितीतरी दिवस बोलली नाही. बाही मात्र शेवटी हिच्याकडूनच नीट करून घेतली.

मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा दादाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. वहिनीने काही विचारलं नाही. मागच्या खोलीतलं शिवणाचं मशीन स्वतःच्या पलंगाशी ओढून नेलं, खोली झाडली आणि म्हणाली, "खिडकीची कडी सैल आहे, झोपताना कागदाची घडी घालत जा." झालं माझं स्वागत. पुढे मी डेअरीत लागले आणि मीच तिला तिथे लावून घेतलं. म्हणून तिच्याबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. मला राग लवकर येतो असं दादा म्हणतो. येतोच. रागावण्यासारखं इतकं काही समोर असताना ज्यांना येत नाही, त्यांचंच मला नवल वाटतं.

वहिनीला भीती वाटायची. कशाची, तर कशाचीही. फोन वाजला की कोणीतरी गेलं. दादाला उशीर झाला की अपघात. गॅस बंद केला का हे बघायला ती बसस्टॉपवरून घरी यायची आणि बघून परत निघाली तरी अर्ध्या वाटेत पुन्हा तीच शंका. "वहिनी, त्या गॅसला एकदा सांगून टाक, की मी संध्याकाळीच भेटेन," असं मी म्हणायचे. तीही हसायची, पण पाय माघारी वळलेले असायचे. मग एक दिवस भरणीवर तिचा श्वासच अडकला. हात बधिर, छातीत धडधड, ओठ पांढरेफटक. तिला वाटलं, गेलेच आता. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली आली. डॉक्टर म्हणाला, हृदयाला काही झालेलं नाही, ही घबराट आहे, चिंतेचा आजार, रोज सकाळी एक गोळी घ्या, महिन्याने दाखवा. एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.

गोळीने गुण दिला. हे मी ठासून सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, बघा, गोळ्यांनीच वाट लावली. वाट गोळ्यांनी नाही लावली. दोन-तीन आठवडे गेले आणि एका संध्याकाळी फोन वाजला, तर ही "घे गं कोणाचा आहे तो" म्हणून भाजी चिरत बसली. झोपायला लागली, चक्क घोरायला लागली. एकदा आंघोळ करताना गात होती, इतकं बेसूर की विचारू नका. मी टॉवेल घेऊन बाहेर तशीच उभी राहिले. त्या घरात आल्यापासून मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

पण पोट पहिल्या दिवसापासून बिघडलं होतं. सकाळी उठली की मळमळ, तोंडात पाणी जमायचं, आणि मग संडासच्या फेऱ्या. आमच्याकडे संडास एक. त्यात दादाचं सकाळचं पेपरवाचन चालतं. बाहेर वहिनी पोट धरून उभी. "अहो, जरा लवकर." आतून "आलो, आलो." पान उलटल्याचा आवाज. एका सकाळी मी ते दार असं बडवलं की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. दादा बाहेर आला तो मलाच म्हणाला, "काही लाजलज्जा?" मी म्हटलं, "आहे ना, आत पेपर विसरलायस, त्याच्याखाली बघ."

घरी हे, कामावर त्याहून वाईट. भरणीवरून संडासला जायचं म्हणजे टोपी काढा, कोट काढा, गमबूट काढा, परत येऊन कोपरापर्यंत हात धुवा, पुन्हा सगळं चढवा. तोवर शेजारच्या बाईने दोन जागा सांभाळायच्या. एकदा कोणी कुरकुर करत नाही. तिसऱ्यांदा सगळ्यांच्या माना वळतात. सुपरवायझर एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमचा कोट तिकडेच टांगून ठेवा ना, इकडे कशाला आणता?" लोक हसले. वहिनीही कसंबसं हसली.

आणि त्याच्याही आधी ते दार. पहिल्या दिवशी तिने तीनदा 'नाही' म्हटलं आणि आत येऊन कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिली. म्हणाली, "आपण पोराबाळांच्या दुधात हात घालतोय."

मी म्हटलं, "हे काही लागणीचं नाही. गोळीने होतंय."

"तुला कोणी सांगितलं?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. ज्याने सांगायला हवं होतं त्याला बेल दाबायची घाई होती. आम्ही आपलं अंदाजाने बोलत होतो, आणि वहिनीसारख्या बाईला अंदाजावर खोटं बोलणं म्हणजे रोज मरण. भीती जावी म्हणून गोळी घ्यायची, गोळीने पोट बिघडणार, पोटापायी खोटं बोलायचं आणि त्या खोट्याची पुन्हा भीती. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय.

मग तिने स्वतःचीच एक युक्ती काढली. जेवणच सोडलं. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, हा तिचा विचार. संध्याकाळी दोन घास खायची, सकाळी काहीच नाही. पहाटे उठून रिकाम्या पोटी पाण्याबरोबर गोळी गिळायची आणि निघायची. दुपारी डबा उघडून माझ्यासमोर चमचा फिरवत बसायची आणि मी पाठ वळवली की डबा बंद. पोट थांबायच्या ऐवजी जास्तच ढवळायला लागलं. कोट अंगावर लोंबायला लागला. मला कळलं ते डबा धुताना. सकाळी भरलेला डबा तसाच्या तसा घरी यायचा आणि ती तो कुत्र्याला घालायची. गल्लीतलं कुत्रं गुबगुबीत झालं होतं.

मी दादाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, नवरा आहे, काही बोलेल. तो बोलला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. डोक्याच्या गोळ्या खाते हे बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? बंद कर म्हणावं त्या गोळ्या. पूर्वी कुठे होत्या? चाललं होतं ना चांगलं?"

"तुझं चाललं होतं," मी म्हटलं. "तिचं नव्हतं."

पण नवऱ्याचा शब्द. त्यात तिलाही त्या दारात एकदा खरं 'नाही' म्हणायचं होतं. तिने गोळ्या एकदम बंद केल्या. पोट थांबलं, ते कबूल. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, पायाखालची जमीन हलायची, आणि ती जुनी भीती परत आली ती व्याजासकट. भरणीवर बाटल्या पुढे सरकत असताना ही समोर बघत नुसती उभी. हात वर, हलेना. बाटल्या एकमेकींवर चढल्या, आडव्या झाल्या, दूध पट्ट्यावरून खाली, पट्टा थांबला. सुपरवायझर धावत आला आणि ती थरथरत असताना तिला विचारतो, "झोपा काढायला येता का इथे?" त्याला मी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याबद्दल मला ताकीद मिळाली, आणि वहिनीला निरोप, की पुन्हा असं झालं तर यायची गरज नाही.

आता तिच्यापुढे दोनच वाटा राहिल्या होत्या. गोळी घेतली तर पोट नोकरी खाणार, गोळी सोडली तर भीती नोकरी खाणार आणि तिलाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी तिला ओढत दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर वयस्कर बाई होती, चष्मा कपाळावर, आवाज घोगरा. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "गोळी काही खाऊन घेत होतात की रिकाम्या पोटी?"

वहिनी म्हणाली, "रिकाम्या पोटी."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मग नीट समजावलं. ही गोळी सुरू केली की बऱ्याच जणांचं पोट ढवळतं, जुलाब होतात. लागण होण्यासारखं त्यात काही नसतं. भरल्या पोटी घ्यायची, कमी ताकदीपासून सुरू करायची, थोडे आठवडे कळ काढायची, बहुतेकांचं निवळतं. नाही निवळलं तर गोळी बदलता येते. पण आपल्या मनाने एकदम सोडायची नाही. सोडायची झाली तर विचारून, हळूहळू. बस, एवढंच. एक चहा होईपर्यंत सांगून झालं. एवढ्यासाठी माझ्या वहिनीने कुत्र्याला जेवण घालून स्वतः उपास काढले होते.

परतताना मी वहिनीला बसमध्ये बसवलं आणि स्वतः पहिल्या डॉक्टरच्या दवाखान्यात शिरले. नंबर नव्हता, तशीच आत. म्हटलं, "पोट बिघडेल हे सांगितलं का नाही?"

तो म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही."

"माहीत असतं तर विचारलं असतं. माहीत असतं तर तुमच्याकडे आलो कशाला असतो?"

त्याने बेल दाबली. बाहेरच्या पेशंटांना मी मोठ्याने सांगितलं, गोळी जेवून घ्यायची की कशी ते विचारल्याशिवाय उठू नका. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." तेवढ्याने माझं समाधान झालं असं नाही.

वहिनीने कमी ताकदीची गोळी सुरू केली, पोटभर खाऊन. पहिले दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या सकाळी पोट पुन्हा वाजलं. मी म्हटलं, आता तर डॉक्टरांनीच सांगितलंय लागण नाही म्हणून, 'नाही' म्हण आणि चल. ती रांगेत माझ्या पुढे होती. बाईने विचारलं, "जुलाब?"

"हो," वहिनी म्हणाली. "सकाळपासून दोनदा. घबराटीच्या आजाराची गोळी चालू आहे, त्याने होतंय. डॉक्टर म्हणतात लागणीचं नाही. पण तुम्ही जुलाब विचारलेत आणि जुलाब आहेत."

तपासणीवाल्या बाईने मान वर केली आणि तिच्याकडे नुसतं बघत राहिली. एखादं भूत बघावं तसं. मग म्हणाली, "दोन दिवस घरी." वहिनी रांगेच्या कडेने बाहेर निघाली, तर लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. यातले निम्मे पोट बिघडलं असताना त्याच दारातून आत गेलेत, मला माहीत आहे.

ती परत आली तेव्हा पोट शांत होतं, पुढेही शांतच राहिलं. वहिनी जेवायला लागली, अंगावर कोट नीट बसायला लागला. पण दाराशेजारी भिंतीवर नवा कागद लागला होता. चौथा प्रश्न. मानसिक आजाराचं कोणतंही औषध चालू आहे का? ज्याचं चालू असेल त्याला भरणीवर घ्यायचं नाही, क्रेट धुवायला पाठवायचं, तेही कमी पगारावर. मी सुपरवायझरला विचारलं, याचा आणि दुधाचा काय संबंध? तो हसून म्हणाला, "तुमच्या वहिनींमुळेच तर कळलं आम्हाला, की हेही विचारायला हवं." म्हणजे खरं बोलली ती एकटी, आणि शिक्षाही तिलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि ती तिथेच आहे.

घरी दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, "पोट बरं झालंय ना आता? मग गोळी चालू आहे हे कोणाला दिसतंय? चारदा 'नाही' म्हण आणि मोकळी हो." मला दादाशी सहमत व्हायला अजिबात आवडत नाही. पण त्या दिवशी मीही तेच म्हटलं. नोकरीही राहील, गोळीही राहील. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बघू."

सकाळी रांगेत आमच्या पुढच्या सगळ्यांनी एका दमात चार 'नाही' म्हटले. त्यातल्या दोघी काय घेतात ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही. वहिनीची पाळी आली.

"जुलाब नाही, उलटी नाही, ताप नाही," ती म्हणाली आणि थांबली.

"औषध?"

"ते सांगणार नाही."

"सांगावं लागतं, बाई."

"पोटाचं विचारा. रोज विचारा, दिवसातून तीनदा विचारा, असेल ते खरं सांगेन. सांगितलंय की नाही एकदा? पण माझ्या डोक्यात काय चाललंय ते मी डॉक्टरला सांगते. इथे रांगेत नाही सांगणार."

एका हाताने तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. सुपरवायझर आला, म्हणाला, "मग चला क्रेटवर." ती म्हणाली, "चलते. पण माझं पोट चांगलं, हात स्वच्छ, अंगात ताप नाही, तरी मला भरणीवरून कशासाठी काढताय ते या सगळ्यांसमोर मोठ्याने बोला." एका बाईसमोर जे हसत बोलता येतं ते सगळ्यांसमोर बोलायला जीभ रेटत नाही. तेवढ्यात आतून घंटा वाजली, भरणी सुरू व्हायची वेळ झाली होती आणि पट्ट्यावर माणूस नव्हतं. "हिचं काय ते तुम्ही बघा," असं खुर्चीतल्या बाईवर ढकलून तो पळाला.

खुर्चीतल्या बाईने पेन उचललं. मग तिने बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "पुढची."

पुढची मी. कडाकडा बोलायचं ठरवूनच आले होते. पण तिने मला तीनच प्रश्न विचारले. माझ्या मागच्यालाही तीनच. मी वळून बघत आत गेले.

दुपारी आम्ही डबा उघडून बसलो होतो तर ती खुर्चीतली बाई कपडे बदलायच्या खोलीत आली. ती कधी येत नाही तिथे. दार लोटून घेतलं, आमच्या बाकाशी उभी राहिली आणि वहिनीला हळू आवाजात म्हणाली, "तुमचं पोट थांबलं कशाने?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही पण?" मी म्हटलं. "आणि रोज सकाळी आम्हाला विचारता? तुमच्या हाताने खुणा करता?"

"वर्ष होऊन गेलं," ती म्हणाली. "पहाटे सगळ्यांच्या आधी यावं लागतं. गोळी घेते आणि निघते. रोज पोट धरून बसते त्या खुर्चीवर."

"आणि तुम्हाला कोण विचारतं?"

"मला कोण विचारणार? विचारायला मीच बसलेली."

माझ्या तोंडात इतकं आलं होतं. सगळ्यांचं मिळून तिच्यावर काढणार होते मी, सुपरवायझरचं, डॉक्टरचं, दादाचं. वहिनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डब्याचं झाकण उलटं केलं, त्यात निम्मं जेवण काढलं आणि त्या बाईला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?"

बाईने मान हलवली, नाही.

"सरक गं जरा," वहिनी मला म्हणाली. "त्यांना बसू दे."

मी सरकले. पण राग गेला नव्हता माझा, सांगून ठेवते.